अगोदर पाडा

९४०

दोन्ही पाय अधांतरी. इंजिन बंद होतं, गाडी कृष्णाजींनी मागून धरून ठेवली होती, खाली भुसभुशीत लाल माती होती. तरी ऋजुताच्या बोटांची पेरं हॅन्डलवर पांढरी पडली. ती म्हणाली, उतरवा. मग हळू आवाजात, काका, उतरवा ना.

८८०

आकडा सीटच्या उंचीचा, मिलिमीटरमध्ये. ऋजुताच्या पायांचा आकडा ७४०. घरी भिंतीला पाठ लावून, मांड्यांमध्ये जाड पुस्तक धरून तिने तो मोजला होता. अनिकेतने, तिच्या नवऱ्याने, टेपचं दुसरं टोक धरलं.

मागच्या वर्षी अंबत्तूरच्या पुलावर दोघं स्कूटरवरून पडले. अनिकेत आठवड्याभरात पुन्हा स्कूटर चालवायला लागला. ऋजुता चालत जाते. मागून दुचाकी आली की जागच्या जागी थांबते, मग ती जागा रस्त्याची मधली का असेना. परवा नुंगंबाक्कमला अशीच थांबली, आणि एका बसने तिच्यासाठी ब्रेक मारला.

ऑफिसातली रंजनी दर रविवारी डोंगराकडच्या मातीत गाडी चालवते. ती म्हणाली, रस्ता सोड, मातीत शिक, तिथे पडायचंच असतं. तिनेच आवडी नावाच्या उपनगरापलीकडचा हा पत्ता दिला: पत्र्याची शेड, पटांगण, विकायला ठेवलेल्या जुन्या डर्ट बाइक्स. ऋजुता शनिवारी येते. हा तिसरा. आज गाडी ठरली नाही तर चौथ्या शनिवारी आपण येणार नाही, हे तिला ठाऊक आहे.

या सीटवर एका पायाचा अंगठा टेकला. दुसरा

नाही.

७८०

दोन्ही चवडे टेकले. टाचा वर.

शेडचे मालक कृष्णाजी सत्तरीचे, तंजावरचे मराठी. त्यांची मराठी ऋजुताला जुन्या पत्रांतून बोलल्यासारखी वाटे. भीतीला ते भय म्हणत, आणि ती फार बोलायला लागली की, उगे राहा. पण गाडीला हात लागला की त्यांच्या तोंडात मधूनच तमिळ यायची. यंत्रं ते त्याच भाषेत शिकले होते. ते सांगत राहिले. ही टू-स्ट्रोक, अंगात आल्यासारखी पळते, ती नको. ही फोर-स्ट्रोक, स्वभावानं गरीब. शंभर किलो. ऋजुताने ऐकून घेतलं आणि विचारलं, याच्यापेक्षा बुटकी आहे का.

आहे, ते म्हणाले. दहा वर्षांच्या पोरांसाठी.

तीच दाखवा, ती म्हणाली.

६६०

दोन्ही तळवे सपाट. गुडघे कोपरांना लागत होते. सकाळपासून पहिल्यांदा तिला पोटातून श्वास घेता आला.

"ही घेते."

"ही पडायची नाही म्हणून घेतां," कृष्णाजी म्हणाले. "पडणार, अम्मा. अस्की पडतात."

अस्की म्हणजे सगळ्या, एवढं तिला आता कळत होतं.

"मग मी कोणती घेऊ?"

"जी तुम्हांस उचलवते ती. अगोदर पाडा."

ती हसली. ते हसले नाहीत. त्यांनी ७८० ढकलत पटांगणाच्या मधोमध आणली, तिचे दोन्ही हात हॅन्डलवर ठेवले, स्टँड काढला आणि चार पावलं मागे झाले. शंभर किलो तिच्या मनगटांत उतरले.

"वुडु," कृष्णाजी म्हणाले.

"नको काका. मला उडायचं नाहीये."

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग ते मराठी शब्द शोधायला लागले. वुडु. वुडु म्हणजे. गाडी डावीकडे कलायला लागली. तिचा खांदा भरून आला, घाम डोळ्यांत गेला, आणि ते आपले शब्द शोधत उभे. शेवटी त्यांनी दोन्ही मुठी तिच्यासमोर धरल्या आणि उघडल्या.

सोड.

तिची बोटं उघडेनात. तिने करंगळीपासून सुरुवात केली. करंगळी. तिच्या शेजारचं. मधलं. उरलेलं काम गाडीने स्वतःच

०

धप्प.

पुलावरही असाच आवाज झाला होता. तिने डोळे मिटून घेतले आणि पुढच्याची वाट पाहिली: हॉर्न, काच, अनिकेतचं ओरडणं. पुढचं आलं नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी आडवी होती, पुढचं चाक सावकाश फिरत होतं, धूळ खाली बसत होती.

कृष्णाजींनी जवळ येऊन फक्त सांगितलं. सीटला पाठ लावा. एक हात हॅन्डलला, एक खाली चौकटीला. जोर कमरेत नको, गुडघ्यांत. त्यांनी हात लावला नाही.

पहिल्यांदा गाडी हललीच नाही.

दुसऱ्यांदा ऋजुताचे बूट मातीत घसरले आणि ती गाडीसकट बसली. इथेच राहावं, असं तिला वाटलं. कोणी येईल, उचलेल, रिक्षा बोलावेल. कृष्णाजी आकाशाकडे बघत होते.

तिसऱ्यांदा दात आवळले गेले, पाठीमागे काहीतरी जड सुटलं आणि वर येऊ लागलं. मग एकदम हलकं. गाडी उभी. ऋजुता तिला धरून उभी, तोंडात माती.

हीच घेते, ती म्हणाली. कृष्णाजींनी मान हलवली. कागद आणतो म्हणाले आणि शेडकडे निघाले.

त्यांची पाठ लांब जाताना ती पाहत राहिली. हात अजून हॅन्डलवर होते. मग तिने आपणहून दोन्ही मुठी एकदम उघडल्या.

धप्प.

ती पाठ थांबली. वळली नाही. मग पुढे चालू लागली.