मामाची गुप्त जागा

तळ्यातले मासे संपत चालले, म्हणून पिढ्यानपिढ्या त्याच तळ्यावर जगणारे सगळे मासेमार एकदाचे एकत्र आले. "बाहेरच्या कुणी बंदी घालण्याआधी आपणच घालू! मासे अंडी घालतात त्या जागा यंदा बंद," अध्यक्ष आत्यानं ठणकावलं. पण त्या जागा म्हणजे ज्याचं त्याचं घरचं गुपित! मग तिनं जाळ्यांच्या खोलीत फरशीवर खडूनं अख्खं तळं काढलं आणि एकेकाला एकट्याला आत सोडलं. गुपचूप फुली मारा, नाव विचारणार नाही.

पहिलाच नंबर मामाचा! आजोबांनी दाखवलेली जागा त्यानं बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. उगाच कुठेही फुली मारली तर तळं कोळून प्यालेली आत्या लगेच ओळखणार! मग पठ्ठ्यानं सरळ मेहुण्याच्या जागेवर फुली मारली आणि शीळ घालत बाहेर आला.

"दाजी, खरी जागा दाखवलीत ना?" मेहुण्यानं विचारलं.

"म्हणजे काय! तू?"

"मी पण!"

शेवटी आत्यानं सगळ्यांना आत बोलावलं. तिचे डोळे भरून आले होते. "शाब्बास रे! एकही जागा सुटली नाही!"



मामाच्या जागेवर तर इतक्या फुल्या होत्या की खालचं तळंच दिसत नव्हतं.