पलीकडे जायचंय, काका

धुकं इतकं दाट होतं, की थांबाकाकांना हातातली पाटी दिसत होती, पण पायातले बूट दिसत नव्हते. तरी आठच्या ठोक्याला ते शाळेसमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी हजर. अंगात नारिंगी जाकीट, गळ्यात शिट्टी, हातात लाल गोल पाटी. पाटीवर दोनच अक्षरं, ‘थांबा’. नावही त्यावरूनच पडलेलं.

पलीकडे शाळेच्या फाटकाला मात्र कुलूप होतं. सुट्टीनंतर शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत गेली. पोरं गेली, घंटा गेली, काका राहिले. काम हौसेनं पत्करलेलं. राजीनामा द्यायचा तर नेमणूक कुठे झाली होती? पहिल्या दिवशी कुलूप बघून ते माघारी वळणार, एवढ्यात शिवणवाल्या बाई आल्या आणि म्हणाल्या, “बरं झालं काका, तुम्ही आहात. मला मेलीला या गाड्यांची फार भीती वाटते.” मग बेकरीवाला आला. मग रात्रपाळी उरकून नर्सबाई, मग आणखी कोण कोण. मोठ्या माणसांनाही रस्ता ओलांडायला हात लागतो, हे काकांना या वयात नव्यानं कळलं. घरी गेलं की काकू दारातच विचारायच्या, “आज किती?” पूर्वी ते शंभराच्या वर सांगत. आता आठ सांगत. रोज आठच, पण ताठ मानेनं सांगत.

आज धुक्यातून आधी पावलांचा आवाज येत होता आणि मागून माणूस. सहा जण पलीकडे पोचले, मग शिवणवाल्या बाई आल्या. काकांनी शिट्टी फुंकली, पाटी उंच धरली, नसलेल्या गाड्या थांबवल्या आणि बाईंना पलीकडे पोचवलं.

“सावकाश जा हं.”

बाईंच्या चपलांची फटक फटक शाळेच्या भिंतीकडेनं लांब गेली. काका आपल्या जागी परतले.

जरा वेळानं तीच फटक फटक रस्ता ओलांडून अलीकडे आली. रोज बाई कोपऱ्याला वळसा घालून येत असणार. आज कोण बघतंय, म्हणून वीस पावलांवरूनच परतल्या होत्या. धुक्यात माणूस दिसत नाही, पण आवाज थेट कानाशी येऊन बसतो. हे काही त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

“झालं माझं,” बाई म्हणत होत्या. “सव्वाआठ तुमचं ना?”

“पाव भट्टीत आहेत हो,” हा बेकरीवाला. “नर्सबाईंना नाही का पाठवता येणार?”

“त्या रात्रभर उभ्या होत्या, आज झोपू द्या त्यांना. काकूंना आपण रोजचे आठ कबूल केलेत. तुम्ही आठवे. चला, व्हा पुढे.”

काकांचे कान तापले. बेकरी अलीकडे. शिवणाचं दुकान अलीकडे. नर्सबाईंचं घर अलीकडे. पलीकडे होती बंद शाळा आणि तिची लांबच लांब भिंत. उभा जन्म बस हाकली, आणि एवढं दिसू नये? का दिसत होतं, आणि आपणच तिकडे बघत नव्हतो? त्यांना फार लाज वाटली. पाटी आपसूक खाली आली. घरी जावं, जाकीट खुंटीला टांगावं आणि उद्यापासून उन्हं अंगावर येईपर्यंत पडून राहावं, असं मनात आलं. उद्या, परवा, तेरवा. एवढ्या सकाळींचं करायचं काय, ते मात्र सुचेना.

“काका, पलीकडे जायचंय.”

बेकरीवाला समोर उभा होता. कोपरापर्यंत पीठ, छातीत धाप. “जरा काम होतं तिकडे.”

त्याच्या मागोमाग धुक्यातून वास आला. पाव करपत होते. नाक बेकरीवाल्यालाही होतंच. त्यानं एकदा मागे पाहिलं, पण तो जागचा हलला नाही.

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शिट्टी फुंकली, पाटी उंच धरली आणि दुसऱ्या हातानं त्याचा पिठाचा हात धरला. एखाद्या पहिलीतल्या पोराला न्यावं तसं त्याला पलीकडे नेलं. पलीकडे पोचल्यावर बेकरीवाला भिंतीकडेनं निघाला, पण काकांनी हात सोडला नव्हता.

“चला, परत सोडतो.”

“अहो, पण माझं काम...”

“पाव करपतायत.”

बेकरीवाल्यानं मान खाली घातली. दोघं पट्ट्यांवर उतरले. मधोमध आले तेव्हा धुक्यात दोन पिवळे दिवे उगवले, मोठे होत गेले आणि पाटीसमोर येऊन निमूट थांबले. ट्रक होता. बेकरीवाल्यानं मोकळ्या हातानं काकांची बाही पकडली. काकांनी घाई केली नाही.

“काकूंना सांगू नका हं,” अलीकडे आल्यावर बेकरीवाला हळूच म्हणाला. “तुम्हाला कळलं ते.”

“उद्या सव्वाआठ कोणाचं?”

“माझंच.”

“आधी पाव काढा, मग या. मी थांबेन.”

काका घरी पोचले तेव्हा धुकं जिन्यापर्यंत आलेलं होतं. काकू दारातच होत्या.

“आज किती?”

“नऊ.”

“नऊ?” काकूंचा हात कडीवरच राहिला. “नववं कोण हो?”

काकांनी जाकीट काढलं, नीट झटकलं. बाहीवर पिठाची पाच बोटं उमटली होती. ती तेवढी त्यांनी झटकली नाहीत.

“बेकरीवाला,” ते म्हणाले. “धुकं फार होतं. परत आणून सोडावं लागलं.”