दिशाचं दार

“पोरगी दाराच्या घरात रमायची न्हाई, पंकजा,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “जिला जल्मात कुनाला ‘आत ये’ म्हनावं लागलं न्हाई, ती तिथं हाक कशी मारंल?”

पंकजा तेव्हा लेकीची, दिशाची बॅग भरत होती. तिला हसूच आलं होतं. “आई, दारानं काय होतंय? उलट कुत्री तरी शिरणार नाहीत.”

आज शनिवार. शिंगणापुरात पाय ठेवायला जागा नाही. पंकजाच्या ओसरीतच दुकान आहे. तेलाच्या बाटल्या, रुईच्या माळा, काळं कापड. मागं घराची चौकट, आणि गावच्या रीतीप्रमाणे चौकटीला दार नाही. कुत्र्यांसाठी एक फळी तेवढी आडवी लावलेली.

दुपारी एकला मेसेज आला. इटलीत दिशा जिच्या घरी राहते, त्या बाईचा. मोबाईलनंच मराठी केलेला.

‘प्रिय पंकजा, काळजी करू नये. दिशाचे दार मंगळवारपासून बंद आहे. आम्ही तिच्या एकांताचा आदर करतो. जेवण दाराबाहेर ठेवतो. काल दोन्ही ताटे तशीच होती. कदाचित ती रात्री उठून काही खात असेल. आज आम्हाला माझ्या आजारी आईकडे यावे लागले. निघताना दाराबाहेरून निरोप घेतला. ती झोपली असावी. उद्या रात्री परतू.’

“ताई, माळ मागितली मी.”

पंकजानं गिऱ्हाइकाच्या हातात तेलाची बाटली दिली होती. ती परत घ्यायचंही तिला सुचलं नाही.

बाई वाईट नव्हती. अकरावीचं एक वर्ष समुद्राकाठच्या त्या गावात शिकायचं म्हणून दिशा गेली, तेव्हा पहिल्याच व्हिडिओ कॉलवर पंकजानं मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं, आमच्या घराला दार नाही. बाईला इतकं नवल वाटलं की तिनं दिशाच्या खोलीची किल्ली निळ्या फितीत बांधून तिला भेट दिली. ‘तुझं पहिलं दार’ म्हणाली. तो फोटो पंकजानं दोन दिवस स्टेटसला ठेवला होता.

दिशाचा फोन बंद. त्या बाईचाही लागेना. पंकजानं मनवाला लावला. केडगावची मनवा, त्याच शाळेत, त्याच गावात दुसऱ्या घरी राहणारी.

“काकू, आम्ही सगळे ट्रिपला फ्लोरेन्सला आलोय. दिशा नाही आली. ती मंगळवारपासून शाळेतच नव्हती.” मग म्हणाली, “मला वाटलं, तुम्हाला माहितीये.”

मुलांना पाठवणाऱ्या संस्थेतल्या माणसाचा नंबर होता. पुण्यातला. त्यानं उचलला, हे त्यातल्या त्यात बरं.

“मॅडम, नोव्हेंबरात सगळीच मुलं थोडी गप्प होतात. म्हणून तर आठवड्यातून एकच फोन, हा आपला नियम. सारखं घरचं ऐकलं की रुळत नाहीत.”

“सर, आज कोणी जाऊन बघेल का? फक्त बघेल?”

“दार तिनंच लावलंय ना मॅडम? मग? सोमवारी बोलतो मी त्यांच्याशी.”

गेल्या रविवारचा नियमातला फोन. दिशाच्या मागं खिडकी, खिडकीत राखाडी समुद्र, वाळूवर मिटून बांधून टाकलेल्या छत्र्या. “मम्मी, इथं कोणी येतच नाही.” आणि पंकजा म्हणाली होती, “अगं, मग तूच जा ना बाहेर! एवढ्या लांब काय खोलीत बसायला गेलीस?” दिशा ‘हो’ म्हणाली. हसलीसुद्धा.

घरी ती रुसली की आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायची. पाच मिनिटंसुद्धा बसता यायचं नाही. कोणीतरी फळी ओलांडायचंच. आजी, नाहीतर मीठ मागायला शेजारची केशरबाई. “काय गं भवाने, तोंड का पाडलंस?” रुसवा कधी पुरा व्हायचाच नाही.

सासूबाई आतून येऊन शेजारी टेकल्या. मेसेज त्यांनी वाचून घेतला. मग एकच विचारलं, “कुनी गेलं का आत?”

“नाही आई.”

“मंग कुनाला तरी सांग की. जा म्हनावं.”

“कुणाला सांगू? तिथं विचारल्याशिवाय कोणी आत जात नाही.”

‘सांगितलं हुतं’ असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

इटलीतल्या मराठी लोकांच्या एका ग्रुपमध्ये मनवानं पंकजाला घातलं होतं. बहुतेक सगळे मिलानचे. तिथून ते गाव गाडीनं आठ तास. वर कोणीतरी चकल्यांचे फोटो टाकलेले, त्याखाली लाल बदामांची रांग. त्याच्याखाली पंकजानं टाइप करायला घेतलं. गिऱ्हाईक ‘ताई, ताई’ करत होतं. तिनं मान वर केली नाही.

‘नमस्कार. मी दिशाची आई. ती मंगळवारपासून खोलीबाहेर आलेली नाही. हे वाचणारं कोणीही मनवा राहते त्या गावाच्या आसपास असेल तर कृपा करून आज जा. स्टेशनवरून समुद्राकडं जाणारा सरळ रस्ता. बंद आइस्क्रीमच्या दुकानावरची पिवळी बिल्डिंग, दुसरा मजला. घरात दुसरं कोणी नाही, शेजाऱ्यांना उठवा. तिच्या खोलीचं दार वाजवून बाहेर थांबू नका. ती “या” म्हणणार नाही, तिला ते म्हणायची सवय नाही. तुम्ही आत जा. आतून कुलूप असलं तर दार तोडा. दाराचं काय ते आम्ही बघू. तुम्ही फक्त आत जा.’