एक जण

टेपरेकॉर्डरची चाकं फिरत होती आणि गुंडोराव नुसतेच ओठ हलवत होते. मायक्रोफोन तोंडाशी होता. छातीवर घासूनपुसून लख्ख केलेली पदकं होती. आवाज तेवढा घशातून बाहेर पडत नव्हता. दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला. पाय सुधारला, हात सुधारला, वाचा काही परत आली नाही. तरीही घरच्यांचं न ऐकता ते तांबरमहून गाडीने नुंगंबाक्कमला, मराठी मंडळाच्या हॉलवर आले होते.

कॅप्टन रविकांत पुण्याकडचे. जुन्या सैनिकांच्या आठवणी टेपवर घ्यायचं काम त्यांच्याकडे होतं आणि मद्रासमधला हा त्यांचा शेवटचा दिवस होता. ब्रह्मदेशच्या लढाईत नदीवर पूल बांधताना गुंडोरावांच्या सॅपर तुकडीचं काय झालं, हे कुणीच कुठे नोंदवून ठेवलं नव्हतं. त्या तुकडीतला एकच माणूस आता जिवंत होता, आणि नेमकं त्यालाच बोलता येत नव्हतं.

"राहू द्या, काका," कॅप्टन हळूच म्हणाले आणि त्यांनी बटणाकडे हात नेला. गुंडोरावांनी त्यांचं मनगट धरलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांच्याबरोबर त्यांचे सगळे सोबतीही पुसले जाणार होते. हॉलमधल्या लोकांनी माना खाली घातल्या. फार वाईट वाटत होतं बघायला.

"थांबा हो. मी सांगतें."

पुढच्या रांगेतून कृष्णवेणीबाई उठल्या. गुंडोरावांची बायको. ओळखीचे लोक एकमेकांकडे बघायला लागले, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. गुंडोरावांनी ओट्यावर बसून ही गोष्ट सुरू करायचा अवकाश, की आतून "पोदुम! पुरे झालें!" म्हणून ओरडणारी आणि वर भांडी आपटणारी बाई हीच. दूधवाला, पोस्टमन, नवे जावई, कुणीही त्या गोष्टीतून सुटलं नव्हतं. पण दूधवाल्याने ती एकदा ऐकली असेल. दाराआडून ती रोज ऐकली होती कृष्णवेणीबाईंनी.

त्यांनी मायक्रोफोन स्वतःकडे ओढला आणि सुरुवात केली.

कुठे अडखळणं नाही, कुठे आठवणं नाही. पहाटेचं धुकं आलं. अर्धा झालेला पूल आला. समोरच्या काठावरून गोळे पडायला लागले. हवालदार जोसेफ पहिल्या गोळ्यात गेला. रांगडा पिचैमुत्तू आणि अंतोनी ज्या तराफ्यावर होते त्याचा दोर तुटला आणि तराफा धारेला लागला. गुंडोराव जिथे खोकायला थांबायचे तिथे बाईही थांबल्या. ते जिथे मांडीवर थाप मारायचे तिथे ह्यांनीही मारली. लोकांना हसू आलं आणि पुढच्याच वाक्याला ते विरलं.

"मागें फिरा म्हणून हुकूम झाला. सगळे फिरले. आमच्यांतला एक जण फिरला नाही. दोराचें टोक दातांत धरून त्यानें पाण्यांत उडी टाकली. दोघांना घेऊन काठाला लागला."

कॅप्टन पुढे झुकले. "काकू, हा एक जण कोण?"

गुंडोरावांनी झटकन बायकोचा पदर ओढला. जोरजोरात मान हलवली. नको, नको.

"हेंच तर," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "इतकीं वर्षें कोणीं विचारलें तर, 'होता एक जण' म्हणून उडवायचे. ह्या गोष्टींत चहा देणाऱ्या पोराला नांव आहे, कॅप्टन. खेचराला नांव आहे. त्या एकालाच नाहीं. आमच्यांत बायको नवऱ्याचें नांव घेत नाहीं. रेशनच्या दुकानांत मी तें शेजारणीकडून सांगवतें. नांव तोंडाशीं येऊन कसें गिळतात, तें मला कळत नाहीं काय? तो एक जण म्हणजे हे."

गुंडोरावांनी पदर सोडला. चोरी पकडली गेली होती. ते खाली जमिनीकडे बघत राहिले.

कॅप्टन म्हणाले, "काकू, टेपवर नाव यायला हवं. पुढे ऐकणाऱ्याला 'हे' म्हणजे कोण, कसं कळणार? तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी घेतो."

"मी घेतें की," मागून सरोजा म्हणाली. रेशनच्या दुकानातली शेजारीण तीच.

"नको," कृष्णवेणीबाई म्हणाल्या. "गोष्ट मी सांगितली. नांवही मीच सांगेन."

त्यांनी पदर खांद्यांवरून सारखा केला. चेहरा लाजेने लालबुंद झाला होता आणि मान अभिमानाने ताठ होती. दोन्ही एकदम होतं. मायक्रोफोनची त्यांना आठवणच राहिली नाही. त्या सरळ नवऱ्याकडे वळल्या आणि रस्त्यापर्यंत जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"सॅपर गुंडोराव व्यासराज!"

खुर्ची मागे सरकली. गुंडोराव उठून उभे राहिले, टाचा जुळल्या, आणि दिवाळीपासून बंद पडलेल्या त्या घशातून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा शब्द फुटला,

"हाजिर!"