चांगला रिपोर्ट

भास्करचा रिपोर्ट वाचून कुंदाताई आनंदाने खुर्चीतून उठल्याच. सुईने नशा करणाऱ्यांना नव्या सुया देणाऱ्या त्या केंद्रात असा रिपोर्ट फार दिवसांनी आला होता. "सुटलास रे! एचआयव्ही नाही, काविळीचा विषाणूही नाही."

तो हसला नाही. बायको वारल्यापासून त्याचं कशातच मन नव्हतं. "पुन्हा तपासा ना, ताई," तो म्हणाला. "सहा महिने मी मुद्दाम दुसऱ्यांच्या वापरलेल्या सुया घेतोय. जीव द्यायची हिंमत होत नाही. वाटलं, असं तरी मरण येईल."

 ताईंनी लगेच मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन लावला. ते फक्त गुरुवारी भेटणार होते, आणि आज शुक्रवार होता.

"तोवर रोज माझ्याकडे येऊन बसत जा. येशील ना?" ताईंनी त्याचा हात धरून विचारलं.

"येईन," म्हणत त्याने हळूच हात सोडवून घेतला.

खिडकीतून ताई बघत राहिल्या. तो रस्ता ओलांडून पुलाखाली गेला. तिथे तिघंजण मिळून एकच सुई फिरवत होते. त्यांनी सरकून त्याला मायेने जागा करून दिली.