हिम्मतराव निळ्यांच्या बाजूने

हिम्मतरावांच्या हिशेबानं फुटबॉल शिकण्यात त्यांचा फायदा आठवड्याला निदान दहा मिनिटांचा होता. इंग्लंडातला मुलगा निखिल दर रविवारी दुपारी चारला फोन करायचा आणि तो फोन दीड मिनिटात आटोपायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, इकडे थंडी आहे, ठेवू का. सावित्रीबाई होत्या तोवर फोन त्यांच्याच हातात असायचा आणि हिम्मतराव मागून 'बरा आहे म्हणावं' एवढंच सांगायचे. त्या गेल्यावर फोन यांच्या वाट्याला आला, बोलणं मात्र त्यांच्याबरोबर गेलं.

सांगायचं होतं एकच. निखिलच्या कंपनीचं इथं हैदराबादेतही ऑफिस होतं. आईच्या तेराव्याला आला तेव्हा तोच बोलून गेला होता, मागितली तर बदली कधीही मिळेल. 'मग माग ना' हे हिम्मतरावांच्या तोंडून तेव्हा निघालं नाही. आणि आता दीड मिनिटात तसलं काही बोलायचं म्हणजे हात पसरल्यासारखं. माणसानं तीस वर्षं सिकंदराबादेत रेल्वेची वेळापत्रकं बसवली होती. जादा गाडी घुसवायची तर आधी मध्ये जागा काढावी लागते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

जागा सापडली एका फोटोत. निखिल लाल जर्सी घालून स्टेडियममध्ये उभा, हात वर, तोंड उघडं.

विद्यानगरच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर इंग्लंडातला फुटबॉल लागायचा. तिथं गौतम नावाचा युनिव्हर्सिटीतला क्लार्क सगळ्यांना मोठमोठ्यानं खेळ समजावून सांगत बसे. हिम्मतरावांनी त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि शिकवणी लावली.

गौतमचं म्हणणं, गोलबिल नंतर, आधी कोच ओळखा. खेळाडू पायानं खेळतात, कोच रेषेबाहेर उभा राहून तोंडानं. लाल संघाचा कोच पाण्याच्या बाटल्या लाथाडतो. निळ्यांचा उकिडवा बसून गवत उपटतो. तिसरा एक आहे, तो खिशातून हात काढत नाही आणि पोरगं चुकलं की पाठ फिरवतो. हिम्मतरावांना हे लगेच उमगलं. तिन्ही जातींच्या साहेबांखाली त्यांनी नोकरी केली होती.

"मग मीही लाल होतो," ते म्हणाले.

"नक्को काका," गौतम म्हणाला. "एकाच टीमचे दोघं काय बोलणार? हौ हौ करून फोन ठेवून देतील. तुम्ही निळे व्हा. भांडायला काही पाहिजे का नको?"

त्या रविवारी 'जेवलात का' यायच्या आतच हिम्मतरावांनी विचारलं, तुमच्या साहेबानं काल किती बाटल्या फोडल्या? पलीकडून आधी नुसतं 'काय?' आलं. मग निखिल हसला. त्याची आई गेल्यापासून त्यांनी ते हसणं ऐकलं नव्हतं. फोन अकरा मिनिटं चालला.

पुढच्या खेपेला निखिल तयारीनं आला. तुमचा तो कोच आहे की माळी, म्हणाला. आमच्या मैदानावर आला तर कुंड्या लावून घेऊ. मग वीस मिनिटं झाली, मग एक्केचाळीस. खेळाडूंची नावं घेताना निखिल कधीकधी वाचून दाखवल्यासारखा अडखळायचा. हिम्मतराव तिकडे लक्ष देत नसत, कारण त्यांच्याही मांडीवर गौतमनं लिहून दिलेला कागद असायचा.

जानेवारीत गौतमचं लग्न झालं आणि त्यानं शनिवारचं येणं सोडलं. हिम्मतराव आवाज बंद केलेल्या टीव्हीखाली एकटेच बसू लागले. फोनवर मात्र त्यांनी त्या टेबलाभोवती आठ माणसं बसवली. आमची गँग, म्हणायचे. गोल झाला की शिट्ट्या, जिंकलो की बिर्याणी. यामागेही हिशेब होता. रडक्या घरात कोण यायला बघतं? मजा चाललेली दिसली तर पोराचा पाय आपोआप इकडे वळेल.

मूळ विषय दर रविवारी ओठांपर्यंत यायचा. तेवढ्यात निखिल हसायचा, आणि त्या हसण्यावर पाणी ओतायला त्यांचं मन व्हायचं नाही. पुढच्या आठवड्यात, म्हणत मे आला.

मग एका रविवारी त्यांनी कागद घेतलाच नाही. चारची वाट न बघता तीनलाच स्वतः फोन लावला. सुनेनं, रसिकानं उचलला.

"बाबा, आज लवकर? निखिल वर शेजाऱ्याकडे गेलाय."

"सकाळी सकाळी?"

रसिकानं आवाज खाली आणला. "कालची मॅच समजून घ्यायला. मी सांगितलं म्हणू नका हं. त्याला फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नाही. तो लाल जर्सीतला फोटो ऑफिसच्या सहलीचा होता. पण तुम्ही बोलायला लागलात, हसायला लागलात, म्हणून दर रविवारी त्याची शिकवणी चालते."

हिम्मतरावांना हसू आलं आणि डोळेही भरले. चष्मा काढून त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. म्हणजे इतके दिवस दोघंही उगाच रेषेबाहेर उभे राहून ओरडत होते. आता मैदान मोकळं होतं.

"रसिका, मग आज मी सरळच विचारतो," ते म्हणाले. "ती हैदराबादची बदली..."

"तेच तो आज सांगणार आहे, बाबा. तुम्ही काळजी करू नका. मार्चमध्ये त्यानं अर्ज दिला होता, तुम्ही एकटे पडलात म्हणून. मंजूरही झाला. मग म्हणाला, बाबांचं तिकडे किती छान जमलंय, एवढी गँग आहे, त्यांच्यात आपण कशाला कडमडायचं. शुक्रवारी त्यानं इकडच्याच कामाचा करार केला. पाच वर्षांचा."