सुट्टीचा वार

चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट कुणी सांभाळायची, यावरून बापलेकीत आठवडाभर कुरबुर चालली होती. इतके दिवस ती थोरला मुलगा दूरच्या शहरातून सांभाळायचा. दुकान सोडून तो नोकरीला गेला तेव्हापासून त्याचं आणि वडिलांचं बोलणं जवळपास तुटलेलंच. पण साइटवर काही चुकलं की वडील हक्कानं फोन करायचे, आणि दर वेळी काहीतरी चुकायचंच.

"बाबा, एजन्सीला देऊन टाकू या. दादाचं लक्ष असतं का आपल्याकडे?"

"घरचं काम घरात राहू दे," काच पुसता पुसता ते पुटपुटले.

शेवटी लेकीनं दादालाच फोनवर फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी साइट लख्ख झाली. फ्रेमचे फोटो, भाव, पत्ता, वेळ, सगळं बिनचूक.

"बघा! कान पिळला की कसा सरळ होतो. आता महिनोन्‌महिने बघायला नको."

ती जेवायला घरी गेली. वडिलांनी भिंग घेऊन पानन्‌पान तपासलं, मग पुन्हा तपासलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. ते उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले. फोन उगाच या खिशातून त्या खिशात गेला.



मग त्यांनी दारावरच्या पाटीवरचं 'सोमवारी बंद' पुसलं, तिथे 'मंगळवारी बंद' लिहिलं आणि मुलाला फोन लावला. "अरे, साइटवर एक बदल करायचा होता."